वेटिंगवर पहिली

पशुवैद्यक महाविद्यालयाच्या यादीत सलूनवाल्याच्या लेकीचा नंबर पहिला होता. हे ऐकून लोक अभिनंदन करत आणि ती यादी वेटिंगची आहे हे कळलं की विषय बदलत. प्रवेश मिळालेल्या साठ जणांपैकी एकाने जागा सोडली तर ती आत जाणार होती. मुदत आज दुपारी चारपर्यंत. सव्वातीन झाले तरी साठांतला एकही हलला नव्हता. घरी बसवेना म्हणून ती वडिलांच्या दुकानात येऊन टॉवेलांच्या घड्या घालत होती. एकाच टॉवेलाची तिसरी घडी चालू होती.

खुर्चीत निवृत्त वकीलसाहेब होते. दर पंधरवड्याला ते मिशी कापायला आणि वाद घालायला येत. मिशीचं काम व्हायचं, वादाचं नाही, कारण गिऱ्हाईक काहीही म्हणो, बाबांचं उत्तर ठरलेलं असे. "बरोबर आहे, साहेब." तीस वर्षांत हे वाक्य त्यांच्या जिभेवर इतकं बसलं होतं, की घरी आई "तुम्हाला काडीची अक्कल नाही" म्हणाली तरी तेच बाहेर पडे. वकीलसाहेबांना मात्र कोणी हो ला हो केलेलं खपत नसे. समोरचा विरोध करेना की ते स्वतःच बाजू बदलत आणि मघाच्या स्वतःला खोडून काढत.

आज त्यांनी स्वतःच्या मुलीच्या प्रवेशाचा विषय काढला. तिला दोन जागा मिळाल्या होत्या, एक पशुवैद्यकची आणि एक औषधशास्त्राची. चारच्या आत एक सोडायची होती. मला दोन्ही चालतील, तुम्हीच ठरवा, असं म्हणून ती पोहायला निघून गेली होती.

लेकीच्या हातातला टॉवेल खाली पडला. आरशातून तिने बाबांकडे पाहिलं. बाबांनी हळूच मान हलवली. सांगायचं नाही. ते तिलाही पटलं. अमुक करा म्हटलं की वकीलसाहेब तमुक करणार, यात शंका नव्हती.

"औषधशास्त्रच बरं," वकीलसाहेब फोन काढत म्हणाले. "जनावरांच्या लाथा कोण खाणार?"

"बरोबर आहे, साहेब," बाबांच्या तोंडून गेलंच.

वकीलसाहेबांचा अंगठा फोनवरून उठला. लाथांचं एवढं काय, माणसं मारत नाहीत का, असं ते विचारू लागले. जनावर निदान खोटं तरी बोलत नाही. म्हणजे पशुवैद्यकच. बाबांनी जीभ चावली, पण तोवर त्यावरही "बरोबर आहे, साहेब" म्हणून झालं होतं. वकीलसाहेब पुन्हा औषधशास्त्रावर आले.

मिशी एव्हाना कापून झाली होती. पण भलत्या बाजूला असताना त्यांना उठू देऊन चालणार नव्हतं. बाबांनी डावीकडून जरा घेतली. मग उजवी मोठी दिसू लागली म्हणून तिकडून घेतली. वकीलसाहेब इकडून तिकडे गेले की कात्रीही इकडून तिकडे जाई.

चारला दहा मिनिटं कमी असताना ते पाचव्यांदा औषधशास्त्रावर पोचले. अंगठा बटणावर टेकत आला. आरशात बाबांचे ओठ मिटले आणि उघडणार, एवढ्यात लेक उठली आणि तिने फळीवरचा कंगवा त्यांच्या दातांत आडवा दिला. काम करताना बाबा कंगवा दातांत धरतच, त्यामुळे वकीलसाहेबांना त्यात काही वावगं दिसलं नाही.

वकीलसाहेबांनी नेहमीच्या उत्तराची थोडी वाट पाहिली.

"म्हणजे तुम्हाला पटलेलं नाही," ते म्हणाले. तीस वर्षांत प्रथमच त्यांचा चेहरा खुलला. "मग तर औषधशास्त्रच." आणि त्यांनी पशुवैद्यकची जागा सोडून दिली.

मग त्यांनी आरशात पाहिलं. ओठांवर पेन्सिलीने ओढल्यासारखी एक रेघ उरली होती.

"हे भयंकर दिसतंय."

बाबांनी कंगवा काढला. "बरोबर आहे, साहेब."

"भयंकर काय आहे त्यात?" वकीलसाहेब मान वळवून दुसऱ्या बाजूने बघू लागले.

चारला तीन मिनिटं असताना लेकीचा फोन वाजला. तिने जागा स्वीकारली, फोन बाबांसमोर धरला आणि मग खाली पडलेला टॉवेल उचलला. वकीलसाहेब तोवर, भरघोस मिशी ही मुळात गैरसोयच कशी, या मुद्द्यावर आले होते. बाबांनी कंगवा आपणहून पुन्हा दातांत धरला.