चिठ्ठीबाबतचा मजकूर

ऑनलाइन दुकानदारांचा वकील म्हणून त्याचं नाव झालं होतं, आणि त्याला कारण एकच. तो कुणाला काही बोलू देत नसे. चपला विकणारे, चष्मे विकणारे, कुत्र्यांचं खाणं घरपोच देणारे, सगळे त्याच्या त्या छापखान्यावरच्या खोलीत यायचे आणि एकच मंत्र घेऊन जायचे. ग्राहक चिडला की अळीमिळी गुपचिळी. 'सॉरी' हा शब्द टाइपसुद्धा करायचा नाही. बाकी नियम आणि अटी तो लिहून द्यायचा. त्या वेबसाइटच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत जाऊन बसायच्या आणि आजवर त्या कुणी वाचल्या असतील तर त्याने एकट्याने.

मंत्र काही आभाळातून पडला नव्हता. वकिली नवी असताना त्याच्या एका चपलावाल्या अशिलाने चॅटवर भाबडेपणाने लिहिलं होतं, 'चुकलं आमचं ताई, सोल कच्चाच होता.' ताईंनी त्याचा स्क्रीनशॉट काढला. पुढे कोर्टात तो एकच कागद चपलावाल्याला पुरून उरला. तेव्हापासून दुधाने तोंड पोळलेला आपला वकील ताकच काय, पाणीही फुंकून पीत होता.

त्याची धाकटी बहीण गेलेल्या माणसांच्या कपड्यांतून पांघरुणं शिवायची. लोक वेबसाइटवर मागणी नोंदवत, आईचे गाऊन नाहीतर वडिलांचे शर्ट पार्सलने पाठवत आणि महिन्याभरात ते सगळं चौकोनाचौकोनांचं होऊन घरी परत येई. धाकटीचा हात चांगला होता आणि मन त्याहून. रडणाऱ्या ग्राहकांशी ती तासतास फोनवर बोलत बसे. तिच्या अटी दादानेच फुकट लिहून दिल्या होत्या. त्यातली सातवी अशी की, आलेले सर्व कपडे शिवण्याआधी धुतले जातील. कपाटात वर्षानुवर्षं पडलेल्या कपड्यांत कसर असते आणि एका पार्सलची दुसऱ्याला लागते, म्हणून.

एकदा एकाच दिवशी तीन पार्सलं आली. धाकटीने घाईत एक पिशवी मशीनच्या तोंडावरच उघडली आणि आत रिकामी केली. दोन स्वेटर, तीन गाऊन, एक शाल. वाळत घालताना शालीला टाचणीने टोचलेला ओला कागद तिच्या हाती आला. बॉलपेनने लिहिलेलं होतं, त्यामुळे अक्षरं शाबूत होती. 'कृपया धुवू नये. आहे तसंच शिवावं. वास राहू द्यावा.'

ती तिथेच ओल्या फरशीवर बसली.

पांघरूण तिने शिवलं, आजवर शिवलं नव्हतं इतकं छान शिवलं आणि पाठवून दिलं. काय झालं ते कसं सांगायचं याचा विचार करत असतानाच त्या काकांचा ईमेल आला. काका निवृत्त लिफ्ट मेकॅनिक होते, कपडे त्यांच्या बायकोचे होते. 'पांघरूण मिळालं. साबणाचा वास येतो आहे. मी चिठ्ठी लिहिली होती. ती पार्सलमध्ये होती की नव्हती, एवढंच कळवावं.' बस्स. पैसे परत नकोत, तक्रार नाही, शिवीगाळ तर नाहीच.

"मी त्यांना फोन करते," धाकटी म्हणाली. "चिठ्ठी होती, मी बघितली नाही, चुकले म्हणून सांगते."

"वेडी आहेस का तू?" दादा म्हणाला. "चिठ्ठी होती म्हणालीस की सूचना मिळाली हे कबूल. मग निष्काळजीपणा कबूल. मग मानसिक त्रासाची भरपाई. दुकानाचं शटर ओढायचंय का?"

"ते तसले नाही वाटत रे."

"सगळेच आधी तसले नसतात."

काकांचा दुसरा ईमेल आला, मग सही केलेलं पत्र आलं. तिन्हीत प्रश्न तोच. अखेर वकिलाने आपल्या पद्धतीने उत्तर दिलं, आणि या धंद्याची पद्धत म्हणजे समोरच्याने जे जे लिहिलं असेल ते ते ओळीने नाकारत जायचं. आज दिवस आहे असं त्याने लिहिलं असलं, तरी ते सिद्ध करण्याची जबाबदारी त्याची. 'परिच्छेद दोनमधील चिठ्ठीबाबतचा मजकूर आमच्या अशिलास मान्य नाही. अशी कोणतीही चिठ्ठी पार्सलमध्ये असल्याचे नाकारण्यात येत आहे.' खाली सही, शिक्का. कोणत्याही वकिलाने ते वाचून जांभई दिली असती. काका वकील नव्हते.

त्यानंतर त्यांच्याकडून एक अक्षर आलं नाही. वकिलाला हा आपला विजय वाटला.

धाकटीला नाही वाटला. तक्रार करायला कायद्याने दोन वर्षांची मुदत होती. ती संपेपर्यंत तोंड उघडायचं नाही, असं दादाने तिच्याकडून वचन घेतलं होतं. दर दोनचार महिन्यांनी ती विचारायची, "दादा, मुदत कधी संपते?" तो तारीख सांगायचा. ती दुसरं काही बोलायची नाही. तो तिच्यावर मनातून चिडायचा, कारण तिचं बरोबर आहे हे त्याला आतून कळत होतं, आणि बहिणीचं बरोबर असणं भावाला पचायला जरा वेळच लागतो.

मुदत संपली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला ती छापखान्याचा जिना चढून वर आली. चिठ्ठी प्लास्टिकच्या फाइलमध्ये नीट घातलेली होती.

"येतोस की मी एकटीच जाऊ?"

तो निघाला. खरं सांगायचं तर तिला सोबत म्हणून नव्हे, ती नको तितकं बोलेल म्हणून.

काका चौथ्या मजल्यावर राहत होते. त्या इमारतीतली लिफ्ट लोण्यासारखी चालत होती, ते काकांचंच काम असणार. त्यांनी दार उघडलं, दोघांना बसवलं, पाणी दिलं. पांघरूण खुर्चीच्या पाठीवर होतं. धाकटीने फाइल पुढे केली आणि दोन वर्षं पाठ केलेलं वाक्य एका दमात बोलून टाकलं. "काका, तुमची चिठ्ठी पार्सलमध्ये होती. मी न बघता कपडे धुतले. माझं चुकलं."

काकांनी चिठ्ठी वाचली. मग टाचणीची दोन भोकं बोटाने चाचपली.

"शालीला टोचलेली होती?"

"हो."

"मुलाने टोचली होती," काका म्हणाले. "पार्सल त्यानेच केलं. त्या दिवशी तो हसला होता मला. म्हणाला, बाबा, वास कितीसा टिकणार आहे. मला राग आला होता त्याचा." त्यांनी चिठ्ठी मांडीवर ठेवली. "तुमचं पत्र आलं तेव्हा मी त्याला म्हटलं, तू ठेवलीच नाहीस. तो म्हणाला, ठेवली. मी पत्र समोर टाकलं. शिक्का होता त्यावर. मी म्हटलं, वकील खोटं कशाला लिहील?"

वकिलाने हातातला पाण्याचा पेला खाली ठेवला.

"नाही नाही ते बोललो त्याला. तुझी आई होती ती, म्हटलं, आणि तुला एक टाचणी लावायचा कंटाळा आला. तो उठून गेला. तेव्हापासून इकडे आला नाही. माझा फोनही घेत नाही."

वकिलाला त्या क्षणी सातवी अट आठवली. कपडे धुतले जातील, हे वेबसाइटवर लिहिलेलंच होतं, 'अटी मान्य' यासमोर काकांनी बरोबरची खूणही केली होती. चिठ्ठी होती असं मान्य केलं असतं तरी धाकटीचं फारसं काही बिघडलं नसतं. त्याने ते तपासलंच नव्हतं. नाकारायचं म्हणून नाकारलं होतं, हाताला सवय होती म्हणून. आपण केलं ते हुशारीचंही नव्हतं, नुसता आळस होता, हे कळून त्याला बसल्या जागी शरम वाटली.

"तुमचं चुकलं ते एका दुपारचं," काका धाकटीला म्हणाले. "तेव्हाच सांगितलं असतंत तर मी दोन दिवस रडलो असतो, झालं."

"मी लिहून देतो," वकील म्हणाला. "चिठ्ठी होती, मुलाचा काही दोष नाही, असं स्वच्छ लिहून देतो." त्याने कागद घेतला आणि लिहिलं, 'आमच्या अशिलाच्या कोणत्याही हक्कास बाधा न येता.' धाकटीने वाकून वाचलं आणि त्याच्याकडे नुसतं बघितलं. त्याने तो कागद फाडला आणि दुसऱ्यावर तीन साधी वाक्यं लिहिली. तेवढ्यासाठी त्याला बराच वेळ लागला.

मग त्याने मुलाचा नंबर मागितला आणि स्वतःच्या फोनवरून लावला. काका समोरच्या खुर्चीत पुढे सरकून बसले. आपण कोण, दोन वर्षांपूर्वी काय लिहिलं होतं आणि ते कसं खोटं होतं, हे त्याने न अडखळता सांगितलं. तुमच्या वडिलांना मी तसं लेखीही दिलं आहे, असंही म्हणाला.

"मला कशाला सांगताय?" मुलगा म्हणाला. "चिठ्ठी मी माझ्या हाताने टोचली होती. होती की नव्हती हा प्रश्न माझ्यासाठी कधी नव्हताच."

"हो, पण वडिलांचा गैरसमज आता..."

"कुण्या अनोळखी माणसाचा शिक्का त्यांना माझ्यापेक्षा खरा वाटला. आई जाऊन तेव्हा तीन महिने झाले होते आणि आम्ही दोघंच उरलो होतो. आज तुमचा दुसरा कागद आला म्हणून मी परत खरा झालो, असंच ना? मग उद्या तिसरा आला तर? त्यांना सांगा, तब्येतीची काळजी घ्या. मी नाही येणार."

फोन बंद झाला. काकांना पलीकडचं ऐकू आलं नव्हतं.

"काय म्हणाला?"

अशा प्रश्नाला गोल उत्तरं कशी द्यायची हे वकिलाला झोपेतसुद्धा येत होतं. "नाही येणार म्हणाले, काका," तो म्हणाला. "तब्येतीची काळजी घ्या म्हणाले. हे सगळं माझ्यामुळे झालं. मला माफ करा."

काकांनी मान हलवली. रागावले नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "आवाज कसा होता हो त्याचा?"

"म्हणजे?"

"दोन वर्षांत ऐकला नाही मी. बरा वाटला का? घसा धरतो त्याचा या दिवसांत."

वकिलाने आठवून पाहिलं. मुलाचा शब्द न शब्द त्याला पाठ होता, विचारला असता तर ओळीने लिहून दिला असता. आवाजाकडे त्याने लक्षच दिलं नव्हतं.