ऑरिनचा दहावा दिवस

गावाच्या बेसबॉल संघाचं नाव हेरन्स, म्हणजे बगळे. हे बगळे सलग अकरा सामने हरले होते आणि आता बारावा हरायच्या बेतात होते. शेवटचा, नववा डाव चालू होता आणि अजून दोन धावा मागे होते. कुंपणापलीकडच्या मक्यावरून ऊन उतरलं, दिव्यांभोवती चिलटं जमायला लागली आणि निम्मी माणसं गाड्या काढून घरी गेली. वर्ना होलेचेक मात्र जागची हलली नव्हती.

"वर्ना, चल की आता," मागच्या रांगेतून गस माइंडर्स म्हणाला. त्याच्या तोंडात सूर्यफुलाच्या बिया होत्या. "नदीवरचे बगळे दिवसाला एखादा मासा तरी पकडतात. ह्यांना चेंडूही पकडता येत नाही."

"तू जा. बिया तेवढ्या ठेवून जा."

गस गेला नाही. गेली वीस वर्षं तो असंच म्हणायचा आणि बसून राहायचा.

वर्नाने या गावात चौतीस वर्षं तिसरीचा वर्ग शिकवला होता. तिथे बसलेल्या निम्म्या लोकांनी पाढे तिच्याकडेच पाठ केले होते. संघाचा प्रशिक्षक डेल स्ट्रूवसुद्धा त्यातलाच. तो मैदानाच्या चार कोपऱ्यांवरच्या बेसपैकी तिसऱ्याजवळ उभा राहायचा आणि टोपी, कान, पट्टा यांना हात लावून फलंदाजाला खुणा करायचा. वर्नाची जागा त्याच्या समोरच, पहिल्या रांगेत. त्यामुळे त्याच्या खुणा तिला मुलांच्या हस्ताक्षरासारख्या सहज वाचता यायच्या. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

आज ती थांबली होती ऑरिनसाठी. उन्हाळ्यात कॉलेजची मुलं खेळायला यायची आणि गावातली घरं त्यांना ठेवून घ्यायची. एक खोली, सकाळचं खाणं, धुतलेले कपडे. ही पद्धत जुनी होती, त्याचे कुणी पैसे घेत नसे. ऑरिन गिद्री लुइझियानाहून वर्नाच्या घरी आला होता, एका जखमी मुलाच्या जागी, फक्त दहा दिवसांसाठी. आज दहावा दिवस. आता डेल ठरवणार होता, त्याला ऑगस्टपर्यंत ठेवायचं की सकाळच्या बसने परत पाठवायचं. राहायचं असो की जायचं असो, प्रशिक्षक ते आधी घराला सांगायचा, कारण बसथांब्यावर सोडायला घरच्यांनाच जावं लागे.

परत गेला तर ऑरिन काकाच्या कोळंबीच्या बोटीवर कामाला लागणार होता. "मग माझा खेळ कोण बघणार, मॅम?" भांडी पुसता पुसता तो एकदा म्हणाला होता. तक्रारीच्या सुरात नव्हे, सहजच. मागच्या दाराची हलणारी पायरी त्याने न सांगता ठोकून दिली होती. अंड्यांवर तो इतका तिखट सॉस ओतायचा की वर्नाच्या डोळ्यांना पाणी यायचं. शनिवारी तिने त्या सॉसची मोठी बाटली आणली आणि मग स्वतःवरच चिडली. दहा दिवसांच्या पाहुण्याला एवढी मोठी बाटली कशाला?

आज ऑरिन तीनदा खेळायला आला होता आणि तिन्ही वेळा बाद झाला होता. आता चौथी वेळ. पहिल्या आणि दुसऱ्या बेसवर आपले गडी उभे होते, अजून एकही बाद नव्हता.

"ह्याने एक सणसणीत मारला ना, तर मी टोपी खाईन," गस म्हणाला.

"मीठ लावून देते," वर्ना म्हणाली, पण तिचं लक्ष डेलकडे होतं. टोपी. कान. पट्टा. ही बंटची खूण होती. बंट म्हणजे बॅट आडवी धरायची आणि चेंडूला नुसती टेकवायची. चेंडू पायाशी घरंगळतो, मारणारा बहुतेक बाद होतो, पण बेसवरचे गडी एकेक बेस पुढे सरकतात. संघाच्या दृष्टीने ते बरोबरच होतं. पण ऑरिन चौथ्यांदा बाद होणार, आणि मग सकाळची बस.

"अरे, नको ना रे डेल! बंट नको सांगूस त्याला!"

चौतीस वर्षं शेवटच्या बाकापर्यंत पोचलेला आवाज होता तो. समोरच्या संघाचा तिसऱ्या बेसवरचा मुलगा वर्नाकडे बघून हसला आणि चार पावलं पुढे सरकून उभा राहिला.

"वर्ना!" गस ओरडला. "अगं, काय केलंस हे!"

डेलने मान वळवली नाही, फक्त त्याचे कान लाल झाले. वर्नाने तोंडावर हात ठेवला, पण आता काय उपयोग?

चेंडू आला. ऑरिनने बॅट आडवी धरली. तिसऱ्या बेसवरचा मुलगा धावतच सुटला. शेवटच्या क्षणी ऑरिनने बॅट मागे घेतली आणि छोटासा फटका मारला. चेंडू धावत येणाऱ्या मुलाच्या खांद्यावरून गेला आणि मोकळ्या गवतात पडला. एक गडी फेरी पूर्ण करून चौथ्या, घरच्या बेसवर पोचला, एक धाव झाली. गसच्या बिया सगळ्या वर्नाच्या पाठीवर सांडल्या.

पुढच्या फलंदाजाने चेंडू थेट दुसऱ्या बेसकडे मारला आणि एका फटक्यात दोघं बाद झाले. त्याच्या पुढचा झेलबाद झाला. एका धावेने हार. सलग बारावी.

वर्ना बसूनच राहिली. ऑरिनने फटका मारला खरा, पण खूण मोडून. मागच्या वर्षी एका मुलाने खूण मोडली, तर डेलने त्याला दुसऱ्याच दिवशी घरी पाठवलं होतं. आणि आता डेल प्रेक्षकांसमोरच्या जाळीकडेच येत होता.

"बाई."

वर्ना उभी राहिली. "डेल, चूक माझी आहे, त्याची नाही. तुझी खूण मी सगळ्या गावाला ओरडून सांगितली. रागवायचं तर मला रागव."

"तुम्हाला? तिसरीत तुम्ही मला कोपऱ्यात उभं केलं होतंत, बाई."

"दोनदा. बडबड करायचास म्हणून."

डेल हसला नाही. "मी त्याला विचारलं, खूण का मोडलीस? म्हणाला, मोडली नाही, बॅट आडवी केलीच होती. तो मुलगा अंगावर येताना दिसला, म्हणून त्याच्या मागे मारला." त्याने टोपी काढून कपाळ पुसलं. "हेच मी महिनाभर शिकवतोय. एकालाही जमलं नाही."

वर्नाने जाळीत बोटं अडकवली. "म्हणजे?"

"म्हणजे मंगळवारपासून तुम्ही तिकडे, उजव्या कुंपणाशी बसायचं. तिथून तुमचा आवाज पोचणार नाही."

"हिचा?" गस म्हणाला. "हिचा आवाज नदीपलीकडे जातो!"

"आणि ऑरिन?" वर्नाने विचारलं.

"त्याला अजून बोललो नाही. आधी घराला सांगायचं ना?" डेल म्हणाला, आणि आता मात्र हसला. "ऑगस्टपर्यंत सकाळचं खायला घालाल का त्याला, बाई?"

ऑरिन पिशवी खांद्यावर टाकून खाली मान घालून आला. डेलला जाळीशी बोलताना त्याने लांबून पाहिलं होतं.

"मॅम, सकाळची बस किती वाजता असते?"

"मला काय माहीत? तू ऑगस्टपर्यंत कुठेही जात नाहीस."

तो तसाच उभा राहिला, काही न कळल्यासारखा. मग वर्नाने त्याच्या खांद्यावरची पिशवी काढून घेतली, आणि वर्गात एखाद्या मुलाला पहिल्यांदा समजलं नाही की सांगायची तसं, तेच पुन्हा एकदा, सावकाश सांगितलं.