भिका गावितांच्या पहिल्या नळीतलं रक्त

अँजिओप्लास्टीच्या आधी एक नळी रक्त घ्यायचं, दुसऱ्या दिवशी सकाळी दुसरी. फुग्याने धमनी उघडली की रक्तातल्या पांढऱ्या पेशी किती खवळतात, हे नाशिकच्या एका रुग्णालयातले डॉक्टर वर्षभर तपासत होते. नळ्यांचं काम साक्षी जाधवकडे होतं. तिचे वडील एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात फिटर होते. प्रत्येक वस्तू जागच्या जागी ठेवायची शिस्त तिने त्यांच्याकडूनच उचलली होती.

म्हणून भिका गावितांचा निकाल उलटा आला तेव्हा तिला ते फार लागलं. सुरगाण्याकडच्या या भातशेतकऱ्याच्या पेशी आधीच्या नळीत भलत्याच खवळलेल्या होत्या, नंतरच्या नळीत जरा कमी. अभ्यास चालवणाऱ्या तेजल मॅडम म्हणाल्या, नळ्यांची अदलाबदल झाली असेल. रागावल्या नाहीत, पण तशी नोंद करायला सांगितली. साक्षीने चिठ्ठ्या, वेळा, सह्या पुन्हा पाहिल्या. चूक सापडेना. मग ती सरळ वॉर्डात गेली.

भिका पलंगावर चहा पीत बसले होते. दुपारी त्यांना घरी सोडणार होते. ताप, दाढदुखी, जखम, असं काही होतं का, तिने विचारलं. त्यांनी नाही म्हटलं. शेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोने, भागीबाईंनी, मान खाली घातली.

"मावशी, मी रागवायला नाही आले. काही असेल तर सांगा."

भागीबाईंनी गुपचूप चादर सरकवली. डाव्या पायाला फडकं बांधलेलं होतं. काटा मोडून टाचेत राहिला होता आणि आत पू धरला होता.

"सांगितलं असतं तर तुम्ही तारीख पुढं ढकलली असती," भिका म्हणाले. "छातीत लय दुखायचं, पोरी. परत जीपमधून यायची हिंमत नव्हती."

फुग्याची तार मनगटातून घातली होती, त्यामुळे पायाकडे कुणी पाहिलंच नव्हतं. तेजल मॅडम आल्या, वाकून टाच पाहिली आणि साक्षीला म्हणाल्या, "नळ्या बरोबर होत्या. माझंच चुकलं." त्याच दिवशी काटा काढला. अँटिबायोटिकसाठी भिकांचा मुक्काम चार दिवसांनी वाढला.

जंतुसंसर्ग असलेल्याचं रक्त अभ्यासात धरत नसत. साक्षीने त्यांचं नाव वगळलं आणि ते घरी जायच्या दिवशी तसं त्यांना जाऊन सांगितलं. भिकांचा चेहरा पडला. दोनदा सुई टोचून घेतली ती फुकट गेली, असं त्यांना वाटलं. त्या रक्तामुळेच तुमचा पाय कळला, असं साक्षीने समजावलं.

त्यांनी टाच जमिनीवर टेकवून पाहिली. मग बाही वर सारत म्हणाले, "आता पाय बरा हाय. आता घे."

धमनी उघडून झाल्यावर तसं चालत नाही, हे तिला त्यांना दोनदा सांगावं लागलं.