खुंटीवरचा दोर

कार्मिनने पिशवीतून दोराचे वेटोळे काढून टेबलावर ठेवले, तेव्हा सभागृहात कोणाला त्याचे काही वाटले नाही. तिच्या आधी एका मुलाने किल्ल्यातल्या भुयाराबद्दल सांगितले होते आणि एका मुलीने कळंबच्या वाळूवर दिसणाऱ्या दिव्याबद्दल. त्या वर्षी पापडीच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या क्लेमेंटीन टीचरनी मॅट्रिकच्या वर्गाला विषय दिला होता, न सुटलेले कोडे. पुरावा दाखवायचा, तर्क मांडायचे, आणि माहीत नसेल तिथे माहीत नाही म्हणायचे. ऐकायला पालक आले होते, फादर आले होते. पाचूबंदरचे मच्छीमार शाळेत सहसा येत नसत, तेही मागच्या बाकांवर दाटीने बसले होते. त्यांना कार्मिननेच बोलावले होते.

“माझं कोडं पाचूबंदरचं आहे,” ती म्हणाली. “माझ्या वडिलांच्या होडीचं.”

पहिल्या बाकावर बसलेल्या तिच्या आईने, आग्नेसने, मान खाली घातली.

“दमनहून पत्र आलं काय गो?” मागच्या बाकावरून गॅब्रिएल या मच्छीमाराने विचारले. दोघेतिघे हसले.

कार्मिनने फळ्यावर किनारा काढला, खाडी काढली, अर्नाळ्याचे बेट काढले. दारूबंदी आली त्या साली तिचे वडील सेबेस्टियन, होडीचे तांडेल म्हणजे नाखवा, डहाणूकडचे दोन खलाशी घेऊन समुद्रावर गेले. तिसऱ्या दिवशी अर्नाळ्याच्या दोघा भावांना होडी सापडली. त्यांनी ती पहाटे ओढत आणली, पाचूबंदरला नांगरली, रिकामी मिळाली एवढे सांगितले आणि ओहोटीबरोबर ते परत गेले. सकाळी गावाने होडी पाहिली. शीड गुंडाळलेले होते, जाळे घडी करून ठेवलेले, दोराचे वेटोळे जागच्या जागी. भाताचा टोपसुद्धा घासलेला होता.

पुढचे तिला सांगायची गरज नव्हती. बुडणारा माणूस टोप घासत नाही, हे गॅब्रिएलचे वाक्य गावात म्हण होऊन बसले होते. तिघे दारूच्या धंद्यात शिरले, दुसऱ्या गलबतावर चढून, दारूबंदी नसलेल्या दमणला गेले, असे सगळे धरून चालले होते. म्हणूनच नोव्हेंबरात मृतांच्या दिवशी चर्चमध्ये गेलेल्यांची नावे वाचत, तेव्हा सेबेस्टियनचे नाव येत नसे. आग्नेस दोनदा फादरांकडे जाऊन आली होती. जो मेला असे गाव मानत नाही त्याचे नाव कसे वाचू, असे ते म्हणाले होते. बोलताना त्यांनाही अवघड झाले होते. मृतांचा दिवस आता जवळ आला होता.

“हा दोर त्या होडीवरचा आहे,” कार्मिन म्हणाली. “आईने त्याच दिवशी घरी आणून खुंटीला लावला. तेव्हापासून तो कोणी सोडलेला नाही. मला एवढंच विचारायचंय, की हा गुंडाळला कोणी?”

तिने तसाच दुसरा, सुटा दोर टेबलावर टाकला.

सभेतच माणसांकडून दोर गुंडाळून घ्यायची कल्पना तिने आठवड्यापूर्वी टीचरना सांगितली होती. त्या म्हणाल्या, आधी गुपचूप करून पाहा, जमले तर सभेत दाखव. कार्मिनने नकार दिला. आधी करून पाहिले तर गाव म्हणेल, शिकवून आणला. टीचरनी विचारले, आणि उलटे निघाले तर?

आता तिने गॅब्रिएललाच पुढे बोलावले. तो हसत आला, दोर हातात घेतला आणि न बघता गुंडाळला. मधोमध फेरे घेऊन टोक वरच्या फासातून काढले आणि ओढले. त्याच्या मागून त्याच्याच बाकावरचा आल्बर्ट आला. त्याचेही तसेच झाले. तिने आणखी एका म्हाताऱ्या तांडेलाला विनंती केली. तिसऱ्यांदाही टोक वरूनच निघाले. आईने जपलेल्या दोराचे टोक मात्र उलटे फिरवून खालून पोटात खोचलेले होते. आल्बर्टने वाकून ते नीट पाहिले.

“हे आपल्यातलं न्हाय,” तो म्हणाला.

“वडील असं बांधत नव्हते. खलाशांचं मला माहीत नाही,” कार्मिन म्हणाली. पुढचे वाक्य गाळता आले असते. “आता मी आणखी एकाच माणसाला बोलावणार आहे. त्यांचाही दोर असा झाला नाही, तर हा होडीवरच्याच कोणीतरी गुंडाळला असणार. मग होडी ठीकठाक करून तिघं निघून गेले, हे गावाचं म्हणणं मला खोडता येणार नाही.”

आग्नेसने झटकन वर पाहिले. लेक हे बोलणार आहे, हे तिला कोणी सांगितले नव्हते.

दाराजवळ अर्नाळ्याचा शत्रुघ्न उभा होता. होडी ओढत आणणाऱ्या दोघांपैकी थोरला भाऊ. कार्मिनने त्याला निरोप धाडला होता, पण कशासाठी ते कळवले नव्हते. माणसे वाट देत गेली तसा तो पुढे आला. इतक्या लोकांसमोर उभे राहायची त्याला सवय नव्हती. त्याने दोर उचलला आणि कोपर व पंजा यांच्यामध्ये फेरे घ्यायला लागला. अर्ध्यात थांबून त्याने विचारले, “सगला गुंडालू, बाय?”

“सगळा, काका.”

त्याने मधोमध फेरे घेतले. एक, मग दुसरा. टोक बोटांत धरून तो क्षणभर थांबला. कार्मिनने टेबलाची कड धरली. त्याने टोक उलटे फिरवले आणि खालून पोटात खोचले.

दोन वेटोळी शेजारी शेजारी पडली होती. पुढच्या बाकावरची माणसे उठून उभी राहिली. शत्रुघ्न एकदा या दोराकडे, एकदा त्या दोराकडे पाहत राहिला.

“हा तर माझाच हात,” तो हळूच म्हणाला.

गॅब्रिएलचा आवाज चढला. “म्हनजे होडीवर तू काय काय केलंस? आनि आजवर गप बसलास?”

मागचे दोघे पुढे सरकले. टीचर मध्ये येऊन उभ्या राहिल्या. शत्रुघ्न मागे हटला नाही. त्याने सांगितले, ते त्या गोंगाटातही सर्वांना ऐकू गेले. होडी कलंडलेली होती. शीड अर्धे पाण्यात, जाळे वल्ह्यांत अडकलेले, हा दोर बाहेर लोंबत होता. त्यांच्या घरात, जिचा तांडेल बुडाला ती होडी अस्ताव्यस्त किनाऱ्याला नेत नाहीत. घरातले माणूस गेले की त्याला धुऊन, हातपाय नीट करूनच बाहेर काढतात. तसेच होडीचे. भावाने शीड बांधले, याने जाळे आवरले, सगळे धुतले.

“सांगितलं का न्हाय मग?” गॅब्रिएलने विचारले.

“कुठं मिलाली नि कवा मिलाली, येवढंच इचारलं सगल्यांनी. धुतली काय, हे कोनी इचारतं? आमच्यात सगलेच धुतात.”

गॅब्रिएल मागे गेला. तो बाकावर बसला.

आग्नेस उठली. टेबलाजवळ येऊन तिने शत्रुघ्नला विचारले, “आनि टोप?”

“तोही म्याच घासला, वयनी. खाऱ्या पान्यानं.”

“त्यात काय व्हतं?”

त्याला आठवायला वेळ लागला. “भात. फलीखाली अडकला व्हता टोप. अर्धा भात तसाच व्हता.”

आग्नेसने मान हलवली. ती वळली आणि फादरांना, की सगळ्या सभागृहाला, म्हणाली, “भात टाकून उठनारा मानूस न्हवता तो.”

मग ती जागेवर जाऊन बसली आणि पदर तोंडाशी धरला.

कार्मिनचे भाषण अजून संपले नव्हते. तिने खडू उचलला. फळ्यावर उजवीकडे तिने आधीच ‘उत्तर’ असे लिहून खाली जागा सोडली होती. “होडी नीट होती, हा पुरावा आता उरला नाही,” ती म्हणाली. “ते पळून गेले म्हणायला दुसरं काही नव्हतं. जेवताना काहीतरी झालं. वारा आला, की लाट, की एक पडला आणि बाकीचे त्याच्यामागे गेले, ते मला माहीत नाही. कदाचित कधीच कळणार नाही.” जागा कोरी ठेवून तिने खडू खाली ठेवला.

टाळ्या पडल्या नाहीत. टीचरनी पुढच्या मुलाला बोलावले नाही. लोक हळूहळू बाहेर पडू लागले, तेव्हा फादर खिशातली पेन्सिल काढून आग्नेसपाशी आले. मृतांच्या दिवसासाठी नाव कसे लिहू, असे त्यांनी विचारले.

आग्नेसने लेकीकडे पाहिले. “तू सांग.”

एवढा वेळ कागदावर न बघता बोललेल्या कार्मिनने फळ्यावरच्या कोऱ्या जागेकडे पाहिले. घरातून निघताना तिने काय काय होईल याचा विचार केला होता. जमले तर हे नाव आपल्यालाच उच्चारावे लागेल, हे तिच्या मनात आले नव्हते. फादर थांबले. बाहेर अंगणात शत्रुघ्न आणि आल्बर्ट कोणत्या तरी गाठीबद्दल बोलत होते.

“सेबेस्टियन,” ती म्हणाली. “पाचूबंदरचा तांडेल.”