मागचा दिवा

कारखान्यात त्याला सगळे पुठ्ठेबुवा म्हणत. सिनेमासाठी लागणाऱ्या खोट्या वस्तू बनवायचा तो कारखाना. तिथे राजाचं सिंहासनसुद्धा थर्माकोलचं. पण पुठ्ठेबुवाचा हट्ट असा, की कुठलीही वस्तू आधी पुठ्ठ्याची करायची, घरी न्यायची आणि घरातल्या कुणाच्या तरी गळ्यात मारून दिवसभर वागवायला लावायची. वस्तू कुठे टोचते, कुठे अडते, हे कागदावर कळत नाही, असं त्याचं म्हणणं. त्यापायी बायकोने एकदा परग्रहावरच्या राणीचं शिरस्त्राण घालून गच्चीत कपडे वाळत घातले होते. शेजारणीने विचारलं तर म्हणाली, "नवऱ्याची नोकरी करतेय."

या खेपेला काम होतं लाँचरचं. दूरच्या एका ग्रहावरच्या युद्धाचा सिनेमा, आणि त्यात एकट्या माणसाला खांद्यावर घेऊन पळता येईल असा क्षेपणास्त्र सोडणारा लाँचर हवा होता. पुठ्ठेबुवाने चित्रांवर चित्रं काढली आणि दिग्दर्शिकाबाईंनी ती सगळी परत पाठवली.

"पाण्याच्या पाइपाला मूठ बसवल्यासारखं दिसतंय," त्या म्हणाल्या. "बघणाऱ्याला भीती वाटली पाहिजे. धरणाऱ्याला तर त्याहून जास्त."

कारखान्याच्या मालकाने जाता जाता कानावर घातलं, की जमत नसेल तर नव्या मुलीकडे देऊ, ती सगळं कॉम्प्युटरवर करते. पुठ्ठेबुवाच्या जिव्हारी लागलं ते. इतकी वर्षं याच कामावर त्याची मान ताठ होती.

त्याने पुठ्ठ्याची नळी केली, आत वाळू भरून ती जड केली आणि घरी नेऊन मेहुण्याच्या खांद्यावर दिली.

मेहुणा म्हणजे बायकोचा पाठचा भाऊ. सैन्यातून परतल्यापासून बहिणीकडेच राहायचा. मानेपासून खांद्यापर्यंत त्याची कातडी भाजून आवळलेली होती, म्हणून उन्हाळ्यातही बंद कॉलरचा शर्ट घालायचा. शेवटी शेवटी स्वयंपाकघरात बदली झाली होती आणि कढईतलं तेल अंगावर उडालं, असं त्याने सांगितलं होतं. एरवी स्वभावाने गमत्या. त्याने घरी केलेली भाजी खाऊन पुठ्ठेबुवा म्हणायचा, "मेहुणे, तुमच्या हातचं खाऊनही तुकडी जिवंत राहिली, म्हणजे खरे शूर ते." आणि मेहुणाच सगळ्यांत मोठ्याने हसायचा.

नळी खांद्यावर घेताना तो हसला नाही. ती घ्यायची कशी, हे त्याला कुणी सांगावं लागलं नाही. पाय आपोआप फाकले, कोपर आत गेलं. तेवढ्यात मागून बायको धुण्याची बादली घेऊन आली. मेहुण्याने मान वळवली आणि असा ओरडला, की तिच्या हातातली बादली सुटली.

"मागे उभी राहू नकोस! हो बाजूला!"

फरशीभर पाणी झालं. बायको म्हणाली, "अरे, पुठ्ठा आहे तो!"

मेहुण्याने नळी खाली ठेवली. "असल्या नळीच्या मागे उभं राहायचं नसतं, ताई. पुढे जेवढी आग जाते, तेवढीच मागे येते. सगळ्यांना शिकवतात हे, आचाऱ्यालासुद्धा." त्याचा हात कॉलरवर गेला आणि तो फडकं आणायच्या निमित्ताने आत निघून गेला.

त्याचा चेहरा पांढराफटक पडलेला पुठ्ठेबुवाने पाहिला. पाहिला नाही असं म्हणायची सोय नाही. पण त्याच क्षणी त्याच्या डोक्यात लाँचरच्या मागच्या टोकाला एक दिवा लागला. समोरच्याच्या तोंडचं पाणी पळालेलं असताना ज्याला स्वतःच्या कामाचं सुचतं त्याला लोक कलावंत म्हणतात. बायका त्यालाच दुसरं काहीतरी म्हणतात.

दिवा असा, की नळीच्या मागे कुणी नसेल तर हिरवा आणि कुणी उभं असेल तर लाल. नळी धरणाऱ्याला तो डोळ्याच्या कडेने दिसणार. म्हणजे शस्त्रच सांगणार, की बाबा रे, आधी मागे बघ.

दिग्दर्शिकाबाईंनी तो पाहिला आणि खुर्चीतून उठल्याच. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन, तशी त्यांची गत झाली, कारण शेजारी बसलेला पटकथाकार लगेच म्हणाला, "दिवा आहे म्हटल्यावर तो एकदा तरी लाल असताना नळी सुटली पाहिजे." आणि त्याने तिथल्या तिथे प्रसंग रचला. नायक घाईत आहे, दिवा लाल आहे, मागे त्याचा जिवलग मित्र उभा आहे. मालकाने पुठ्ठेबुवाच्या पाठीवर थाप मारली.

सुट्टीच्या दिवशी दुपारी धाकटी मेहुणी आणि तिचा नवरा जेवायला यायचे. हा साडू आणि मेहुणा सैन्यात एकाच तुकडीत होते. परत आल्यावर मेहुण्यानेच मित्राला धाकट्या बहिणीसाठी सुचवलं होतं. साडू मोजकं बोलायचा, पण मेहुण्याला डॉक्टरकडे नेणं असो की मलम आणणं, सगळं तोच करायचा. सख्खा भाऊ करणार नाही इतकं करतो, असं घरात सगळे म्हणत. धाकटीला मागे दुसऱ्या शहरात मोठी नोकरी मिळत होती. मेहुण्याला सोडून जायला साडू तयार झाला नाही, म्हणून तिने ती नाकारली. "माझी सवत आहे दादा," असं ती हसत हसत म्हणायची.

जेवणं झाली. पुठ्ठेबुवाने तयार लाँचर कापडातून काढला. काळपट हिरवा रंग, कडांना घासल्याच्या खुणा, आणि मागे तो दिवा. उतू चाललेल्या दुधासारखा तो बोलत सुटला. दिवा कसा सुचला, बाई कशा उठून उभ्या राहिल्या, आणि तो प्रसंग. घाई, लाल दिवा, मागे जळणारा मित्र.

"बस झालं, भाऊजी," मेहुणा म्हणाला. "पोट भरल्यावर असलं कशाला?"

"बस काय? साडूभाऊ, तुम्ही खरे जाणकार. घ्या खांद्यावर. मेहुणे, तुम्ही जरा मागे उभे राहा. लाल लागतो का ते दाखवू सगळ्यांना."

मग मेहुणा उठला आणि गुपचूप जाऊन उभा राहिला. नाही म्हणण्यापेक्षा उभं राहणं त्याला सोपं वाटलं असावं. साडूनेही लाँचर उचलला, जणू कुणी हुकूम सोडला होता. दिवा लाल झाला.

साडूने त्या दिव्याकडे पाहिलं आणि लाँचर त्याच्या हातातून सुटला. पुठ्ठेबुवाने लाँचर वरच्यावर झेलला म्हणून बरं, नाहीतर तो फुटलाच असता. साडू होता तिथेच फरशीवर बसला.

"तेल नव्हतं," तो म्हणाला.

"तेलच होतं," मेहुणा म्हणाला.

"सरावाचं मैदान होतं. मी मागे पाहिलंच नाही."

"गप रे. तेलच होतं. सगळ्यांना माहीत आहे, तेल होतं."

"मला शिक्षा होईल म्हणून यानेच सगळ्यांना तेल सांगितलं. वरच्यांनाही चौकशी नकोच होती." साडू आता धाकटीकडे बघत होता. "मी होतो तो. मीच."

एवढा वेळ हातातल्या वस्तूला कुठे पोचा आला का, हेच पुठ्ठेबुवा चाचपत होता. त्याची त्याला अशी लाज वाटली, की वस्तू ठेवावी कुठे हेही त्याला कळेना. आज बहिणीला सांगू, उद्या सांगू असं मेहुण्याने कधी म्हटलं नव्हतं. ते कधीच सांगायचं नाही असं ठरवूनच तो सगळ्यांच्या थट्टेला हसत आला होता. आणि त्याने झाकून ठेवलेली मूठ आपण जेवणावळीत पाहुण्यांसमोर उघडली, तीही त्यालाच मागे उभं करून.

बायकोने तोंडावर पदर धरला होता. धाकटी मात्र शांत होती. ती नवऱ्यासमोर खाली बसली.

"लग्नाला हो का म्हणालास?" तिने विचारलं.

उत्तर साडूकडे होतं, पण ते यायला फार वेळ लागला, आणि तेवढ्या वेळात तिला जे कळायचं ते कळलं.

"तेव्हा याने मागितलं असतं ते मी दिलं असतं," तो शेवटी म्हणाला. "आता तसं नाहीये. खरंच नाहीये."

"अगं, तो चांगला माणूस आहे," मेहुणा घाईघाईने म्हणाला. "मला पाठीवर घेऊन धावला तो. हात भाजले तरी खाली ठेवलं नाही. असा माणूस तुला शोधून मिळाला नसता. मी तुझं वाईट केलं का? सांग ना, केलं का?"

धाकटीने पर्स घेतली. दारात चपला घालताना तिला पट्टा लागेना, म्हणून पुठ्ठेबुवा पुढे झाला, तर तिने हातानेच त्याला थांबवलं. मग ती दादाकडे वळली. इतक्या वर्षांत तिने त्याच्यावर कधी आवाज चढवला नव्हता, आताही चढवला नाही.

"भाजलास तू, दादा. आणि फुंकर घालत बसले मी. घातलीही असती रे, आनंदाने घातली असती. पण कुणाच्या जखमेवर घालतेय, एवढं तरी मला सांगायचं होतंस."

ती जिना उतरून गेली. साडू उठला, दारापर्यंत गेला आणि तिच्यामागे जावं की मित्रापाशी थांबावं हे न कळून उंबऱ्यावरच उभा राहिला.

"जा," मेहुणा म्हणाला. "माझ्याकडे काय बघतोस? जा तिच्यामागे."

तरी तो बघतच राहिला.