माझ्या ताण्याची पेज

मित्रांनो, खड्ड्याच्या काठावर जो लाकडी हातमाग बसवतात, तो मी. जुना आहे, आणि थोडा चिडकाही आहे, हे आधीच सांगून टाकतो. तुम्ही म्हणाल, लाकडाला कसला राग? पण वीस वर्षं एका घराचं पोट भरायचं, सगळं बघायचं आणि तोंड मात्र उघडता यायचं नाही, हे तुमच्या वाट्याला आलं असतं तर तुम्हीही चिडला असता.

लाखनीच्या जागेश्वर सुताराने मला सागाच्या लाकडातून घडवलं. भंडाऱ्यात विणकरांच्या मोहल्ल्यात लक्ष्मणरावांच्या घरी मला बसवलं. विणणारा काठावर बसून पाय खड्ड्यात सोडतो आणि पायांनी पावड्या दाबतो. विणलेलं कापड पोटासमोरच्या आडव्या दांड्यावर गुंडाळलं जातं. त्या दांड्याला तूर म्हणतात. सुरुवातीला लक्ष्मणरावच विणायचे. पुढे ते कापडाचे गठ्ठे घेऊन बाजार करू लागले आणि माझ्यावर त्यांची बायको, राधाबाई बसू लागली. तिला मी नवरी होऊन आलेली पाहिलं आहे, म्हणून तिच्याविषयी एकेरीतच बोलतो.

काय हात होता तिचा! तिच्या लुगड्यांचे करवती काठ पाहायला तुमसरहून गिऱ्हाईक यायचं. कौतुक तिचं व्हायचं, पण मीही थोडा फुगून घ्यायचो.

चौथ्या बाळंतपणानंतर राधाबाईच्या बेंबीपाशी गाठ येऊ लागली. खोकली की लिंबाएवढी वर यायची, आडवी झाली की आत जायची. पावडी दाबताना ती दात आवळायची. अंगानेही ती भरली होती, पोट तुरीला टेकायचं आणि ती गाठ नेमकी माझ्या दांड्यावर घासायची. मला फार अपराधी वाटायचं, पण मागे सरकणं माझ्या हातात नव्हतं.

सत्त्याहत्तर सालच्या पावसाळ्यात लक्ष्मणराव तिला दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरांनी सांगितलं, आतडं बाहेर येतंय, ऑपरेशन करावंच लागेल. एखाद दिवशी ते अडकलं तर जिवावर बेतेल. पण वजन चौऱ्याऐंशी किलो. एवढ्या वजनात भूल देणं धोक्याचं. सत्तरवर या, मग टेबलावर घेतो. भात बंद करा, भूक लागली तर पाणी प्या.

भात बंद! आमच्या धानाच्या मुलखात हे सांगणं सोपं आणि करणं महाकठीण. पण राधाबाईने ते मनावर घेतलं. पहिल्या महिन्यात तीन किलो उतरले. तिचं पोट आणि तूर यांच्यात एक बोट मावू लागलं. मला तर वाटलं, दिवाळीपर्यंत काम फत्ते.

कसलं फत्ते! दुसऱ्या महिन्यात काटा जागचा हलला नाही. तिसऱ्या महिन्यात वजन एक किलोने वाढलं, चौथ्यात आणखी एकाने. ताटात भाताचं शीत नाही आणि वजन वर! डॉक्टर चारचौघांत म्हणाले की तुम्ही घरी चोरून खाता, मग माझा वेळ कशाला घालवता? त्या दिवशी राधाबाई घरी आली ती थेट माझ्यावर बसली. आडवं सूत नेणारा धोटा असा फेकत होती की माझे सांधे कुरकुरले. सासूबाईंनी, सत्यभामाबाईंनी, त्याच संध्याकाळी लाडूच्या डब्याला कुलूप लावलं. लावताना मुद्दाम आवाज केला. तिने लाडवाला बोटही लावलेलं नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो.

मग वजन वाढत कशाने होतं? मित्रांनो, मला ते माहीत होतं, आणि तीच माझी चीड आहे.

सुताचा ताणा, म्हणजे उभे धागे, मागावर चढवण्याआधी त्याला तांदळाची खळ द्यावी लागते. कणी शिजवून दाट पेज करायची, गल्लीत ताणा ताणून कुंच्याने त्याच्यावर फिरवायची. सूत वाळलं की ताठ होतं, तुटत नाही. ती पेज आमच्याकडे मोठ्या मडक्यात, माझ्या शेजारीच ठेवलेली असायची. दुसऱ्या महिन्यापासून दुपारी घर सामसूम झालं की राधाबाईला भूक सोसेना. मग ती उठायची, तांब्याभर पेज काढायची, मीठ टाकायची आणि उभ्या उभ्या प्यायची. पुढे सकाळी एक, दुपारी दोन तांबे असं झालं. जे चावायचं नाही ते तिच्या लेखी खाणंच नव्हतं. डॉक्टरांनी पाणी प्यायला सांगितलं होतं, आणि ही पेज म्हणजे तिला पाणीच वाटायची. मडकं रितं दिसू नये म्हणून वरून घागरीतलं पाणी ओतायची.

अरे बाई, तोच तर भात आहे, असं मला ओरडून सांगायचं होतं. पण फळ्या नुसत्या करकरल्या. तिला वाटलं, मागाला तेल हवं. तिने तेल घातलं.

आणि मग माझे धागे तुटू लागले. पातळ खळीने सुताला बळ कुठून येणार? दहा वेळा धोटा फेकला की दोन वेळा गाठ मारायची. काठ बिघडले, दोन लुगडी परत आली. खापर कोणाच्या माथ्यावर? माझ्या. लक्ष्मणराव म्हणाले, माग म्हातारा झाला, फोडून चुलीत घालतो आणि नवा आणतो. वीस वर्षांच्या चाकरीचं हे बक्षीस.

सरपण व्हायची वेळ आलीच होती, पण फोडण्याआधी त्यांनी खळीच्या मडक्यात बोटं बुडवली. बोटांवरून ती नुसती ओघळली.

"आई, खळ तं पानीच आहे," ते म्हणाले. "तू कणी टाकत नाही का?"

सत्यभामाबाई भडकल्या. पायलीभर कणी त्या स्वतः शिजवत होत्या. तेव्हा राधाबाई धोटा खाली ठेवून म्हणाली, "मी पेत होती. भात तं बंदच आहे माहा. पेज काही खानं नाही होय."

लक्ष्मणरावांनी शेजारच्या घरून दाट खळ आणली. तिच्या तळहातावर जाड फासली आणि वाळेपर्यंत दोघंही तशीच बसली. वाळल्यावर कातडी ताठ झाली, मूठ मिटेना.

"पाह्य," ते म्हणाले. "हे सुताले उभं करते. मंग हे पानी कसं होईन?"

राधाबाईने ती खळ नखाने खरवडून पाहिली. मग तिचा बांध फुटला. "चार महिने मी उपाशी आहो समजून राहिली होती. मले भूक लागत होती. कोनी इचारलं काहून नाही?"

सत्यभामाबाई उठल्या आणि लाडवांच्या डब्याचं कुलूप काढून आल्या. दुसऱ्या दिवसापासून दुपारी त्या स्वतः ताट घेऊन माझ्या खोलीत यायच्या. लाखोळीच्या कोवळ्या पाल्याची भाजी, वरण, काकडी, आणि मूठभर भात. सून जेवून उठेपर्यंत तिथेच बसायच्या.

गोष्ट इथे गोड झाली असं समजू नका. वजन एकोणऐंशीवर आलं आणि नणंदेच्या लग्नात पुन्हा एक्याऐंशी झालं. लाजेने राधाबाई दोन महिने दवाखान्यात गेलीच नाही. त्यातच गाठ एकदा रात्रभर आत जाईना, तेव्हा सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. पुन्हा सुरुवात, पुन्हा अर्धा किलो खाली, पुन्हा पाव किलो वर. माझ्या तुरीपाशी कधी दोन बोटं मावायची, कधी एक. मीच इतका वैतागलो होतो, तर तिचं काय झालं असेल! चार महिन्यांत व्हायचं ते दीड वर्षाने झालं. काट्यावर सत्तर भरले, ऑपरेशन झालं, राधाबाई चालत घरी आली. चोरून खाता हे शब्द मात्र डॉक्टरांनी कधीच परत घेतले नाहीत. मी ते अजून विसरलो नाही.

पावड्या दाबायला तिला कायमची मनाई झाली. मग मला खड्ड्यावरून काढलं आणि मागच्या पडवीत टेकवलं. अंगावर गोवऱ्या रचल्या आहेत, वाळवी एका पायाला लागली आहे. त्याचं मला वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? पण अंगणात राधाबाई वाकून धान वाळवते आणि तिचा हात पोटाकडे जात नाही, तेव्हा मी गप्प बसतो.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू जपा, असं मी सांगेन अशी तुमची अपेक्षा असेल. जमलं तर जपा. पण तुमच्या घरात कोणी असं वजनाशी झगडत असेल, तर काटा किती दाखवतो हे विचारू नका आणि डब्यांना कुलपंही लावू नका. दुपारी त्याच्याजवळ जाऊन बसा आणि भूक लागली का, एवढं विचारा. मला तोंड नव्हतं म्हणून मी विचारू शकलो नाही. तुम्हाला तर तोंड आहे.