माझ्यावर लिहिलेली ती निधनवार्ता

मित्रांनो, मी एक जुना वार्ताफलक आहे. वार्ताफलक हे आपलं भारदस्त नाव. खरं म्हणजे दोन पायांवर उभा असलेला काळा फळा. पूर्वी मी अंबरनाथच्या एका चौकात दिमाखात उभा असायचो. आता त्याच चौकातल्या हिंदुरावांच्या चहाच्या टपरीत, स्टोव्हला वारा लागू नये म्हणून मला आडवं लावलं आहे. माझे पाय कापले गेले, अंगावर तेलकट काजळी चढली. माझी त्याबद्दल तक्रार नाही. माझी गोष्ट ऐकल्यावर तुम्हीच म्हणाल, याला एवढ्यावरच सोडला?

माझा जन्म १९८३ सालचा, उल्हासनगरच्या कॅम्प नंबर तीनमधल्या एका सुतारकामाच्या दुकानातला. चौकातल्या क्रीडा मंडळासाठी मला न्यायला आण्णा आले होते. दुकानाचे सिंधी शेठ माझ्या पाठीवर थाप मारून त्यांना म्हणाले, "साईं, लकडी एकदम पक्की आहे. तुमच्या नातवाचं लग्न पण ह्याच्यावरच लिहाल!" आण्णांना तेव्हा मूलही नव्हतं. तरी ते खूश झाले आणि हातगाडीवर घालून मला अंबरनाथला घेऊन आले.

आण्णा एका कचेरीत कारकून होते. त्यांचं अक्षर म्हणजे मोत्याचे दाणे. रोज सकाळी ते ओल्या फडक्याने मला स्वच्छ पुसायचे आणि खडूने लिहायचे. पाणी कधी येणार, दहावीत कोण पहिलं आलं, कुणाच्या घरी सत्यनारायण आहे, सगळं माझ्यावर असायचं. कुणी वारलं की आण्णा पांढरी जाड चौकट काढत, वर एक समई काढत आणि खाली नाव लिहीत. अशी बातमी तीन दिवस पुसायची नाही, असा आमच्या चौकाचा रिवाज होता. लोक म्हणायचे, "फळ्यावर आलंय म्हणजे खरंच असणार." हे ऐकून मी फुगत असे. मित्रांनो, तिथेच माझी चूक सुरू झाली. लोकांचा विश्वास आण्णांच्या अक्षरावर होता आणि मी तो माझ्या लाकडाचा मोठेपणा समजत होतो.

मंडळाचा फुटबॉल संघ होता आणि संघाचा कोच होता सखा आगिवले. बदलापूरच्या पुढे, बारवी धरणाच्या बाजूला डोंगरात एक आदिवासी वाडी आहे, सखा तिथला. लहानपणी तो आई नवसीबरोबर मोळ्या विकायला अंबरनाथला यायचा आणि मोळी खपेपर्यंत मैदानाच्या कडेला बसून खेळ बघायचा. बघता बघता शिकला, पुढे स्वतः खेळला. कारखान्यात मशीनवर कामाला लागल्यावर संध्याकाळी मंडळाच्या पोरांना शिकवू लागला. त्याबद्दल त्याने कधी चहासुद्धा मागितला नाही. त्याच्या हाताखाली संघ लागोपाठ दोन वर्षं जिल्ह्यात जिंकला. आण्णांनी रंगीत खडूने माझ्यावर लिहिलं, "आमचे सखासर, आमचा अभिमान!" ते अक्षर मी आठवडाभर छातीवर मिरवलं.

नवसी दर रविवारी वालाच्या शेंगा, कधी कंदमुळं घेऊन यायची आणि बरोबर माझ्या पायाशी बसायची. तिला वाचता येत नव्हतं. शेजारी फुलं विकणाऱ्या वेणूबाईला ती विचारायची, "काय लिवलाय गो आज?" वेणूबाई नुकतीच प्रौढांच्या साक्षरता वर्गाला जाऊ लागली होती. ती एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचून दाखवायची. मुलाचं नाव आलं की नवसी मला खालून वरपर्यंत बघायची. त्या बघण्याचं मला फार अप्रूप होतं.

मग १९८६ साली टीव्हीवर वर्ल्ड कप आला आणि आमच्या चौकात घरटी एक कोच तयार झाला. ज्यांनी आयुष्यात चेंडूला पाय लावला नव्हता, तेही पोटावर हात फिरवत डावपेच सांगू लागले. त्यात त्या हिवाळ्यात संघ जिल्हा स्पर्धेच्या साखळीतले दोन सामने हरला. झालं! रोज संध्याकाळी माझ्यासमोर कोर्ट भरू लागलं.

"जबाबदार कोच!" मंडळाचे अध्यक्ष दौलतराव म्हणायचे. त्यांचा आवाज असा की टपरीतले कप थरथरायचे.

"गोल चुकवतात पोरं आणि फाशी सखाला?" हिंदुराव चहा गाळता गाळता म्हणायचे. "हे म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी."

"जिंकलो तेव्हा हार कुणाच्या गळ्यात पडला? मग हरल्यावर जोडा पण त्याच्याच गळ्यात! हिसाब बराबर."

"अहो, पण मैदानात तो उतरतो का?"

"नाही ना? मग टीम कोण उतरवतो?"

खरं सांगू? दोघांचंही मला पटायचं. पण हळूहळू सखासरांचा नुसता सखा झाला, आणि एके दिवशी कुणीतरी म्हणालं, "वाडीवरचा माणूस, त्याला काय कळतंय फुटबॉल!" त्यावर सगळे हसले. हिंदुराव तेवढे हसले नाहीत.

तरीही संघ उपांत्य फेरीत पोचला. तो सामना एका शनिवारी होता. अर्ध्या वेळेपर्यंत आपण एका गोलने पुढे होतो. गोल मारला होता कान्हाने, तो आपला सगळ्यात चांगला खेळाडू. आणि अर्ध्या वेळेनंतर सखाने नेमक्या कान्हालाच बाहेर बसवलं. आपण दोन गोल खाल्ले आणि हरलो.

संध्याकाळी चौकात नुसती आग पेटली होती. "जानबूझके हरवलं!" दौलतराव ओरडत होते. तेवढ्यात सखा आला. लोकांनी त्याला घेरलं. "कान्हाला का काढलास? कारण सांग!"

सखा म्हणाला, "निर्णय माझा होता. हरलो त्याची जबाबदारी माझी." कारण न सांगताच तो कारखान्यात रात्रपाळीला निघून गेला.

त्याच्या या गप्प राहण्याने लोक जास्तच भडकले. दौलतराव आण्णांना म्हणाले, "आण्णा, खडू काढा. आपल्या कोचचं सुतक पाळू या!" आण्णा जरा घुटमळले. पण सगळे हसत होते, टाळ्या पिटत होते, आणि आण्णाही हरल्यामुळे चिडलेलेच होते. त्यांनी नेहमीसारखी पांढरी चौकट काढली. वर समई काढली. मोठ्या अक्षरात लिहिलं, "दुःखद निधन. सखा आगिवले." आणि खाली बारीक अक्षरात, "यांच्या अकलेचे आजच्या सामन्यात निधन झाले. शोकाकुल, समस्त पाठीराखे."

हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. मीही मनात हसलो, मित्रांनो. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

रविवारी सकाळी नवसी आली. तिने डोक्यावरची शेंगांची पाटी उतरवली आणि वर बघितलं. अक्षर कळत नसलं तरी पांढरी चौकट आणि समई तिला ओळखीची होती. तिने मला हात जोडले, जे कुणी गेलं असेल त्याच्यासाठी. मग सहज विचारलं, "कोन गेला गो, वेनूबाय?"

वेणूबाई उठली. मोठ्या अक्षरांवर बोट ठेवून वाचू लागली. "दुः... खद... नि... धन. स... खा..." आणि ती थांबली. तिचं बोट पुढच्या अक्षरांवर तसंच राहिलं. बारीक अक्षरांपर्यंत ती पोचलीच नाही.

"कोन सखा?" नवसी म्हणाली. तिने वेणूबाईचा पदर ओढला. "अगो, कोन सखा? सांग ना!"

वेणूबाईने नुसती मान खाली घातली. नवसी मटकन माझ्या पायाशी बसली. तिने माझा पाय दोन्ही हातांनी धरला आणि त्यावर डोकं आपटू लागली. "काल तं जेवला माझ्या हातचा... काल तं जेवला..." एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. तिच्या डोक्याचा प्रत्येक आघात मला लागत होता. खाली चार शब्द चेष्टेचे आहेत, हे तिला ओरडून सांगावंसं वाटलं. पण फळ्याला तोंड नसतं. लोक लिहितील तेच त्याचं बोलणं.

हिंदुराव धावले. "मावशी, सखा जिवंत आहे! ही लोकांची मस्करी आहे गं!" पण तिला काही ऐकू जात नव्हतं. शेवटी कुणीतरी सखाला कारखान्यातून बोलावून आणलं. नवसीने त्याचा चेहरा चाचपला, कान चाचपले, मग त्याला दोन थपडा मारल्या आणि त्याला बिलगून रडली.

दौलतराव, आण्णा, कालचे सगळे टाळ्यावाले तिथे जमले होते. सखाने मला वाचलं. वरपासून खालपर्यंत, सावकाश. आण्णा घाईने फडकं घेऊन पुढे आले, तर त्याने त्यांचा हात धरला.

"राहू द्या. मरणाची बातमी तीन दिवस पुसत नाहीत. तुमचाच रिवाज हाय."

तो आईची पाटी डोक्यावर घेऊन निघून गेला. ते अक्षर तीन दिवस माझ्या अंगावर होतं. सखा पुन्हा मैदानावर आला नाही. नवसीही माझ्या पायाशी पुन्हा बसली नाही.

दोन महिन्यांनी कान्हा पेढे घेऊन आला. ठाण्याच्या एका कंपनीत त्याला खेळाडू म्हणून नोकरी लागली होती. पण त्याचा चेहरा पेढे वाटणाऱ्याचा नव्हता. तो म्हणाला, "त्या दिवशी माझा गुडघा मुरगळला होता. आणखी एक लाथ बसली असती तर कायमचा गेला असता. आणि दुखतंय हे बाहेर कळलं असतं तर कंपनीने निवडीला बोलावलंच नसतं. सखासर म्हणाले, तू गप्प राहा, मी बघतो."

हिंदुरावांनी स्टोव्ह बंद केला. दौलतरावांनी पेढा हातातच धरून ठेवला होता.

आण्णांनी माझ्यावर लिहिलं, "सखासर, आम्ही चुकलो." लिहून होतंय तोच वेणूबाई म्हणाली, "आता हे कुणासाठी लिवताय? ती माय तर हितं येत नाही. जाऊन सांगा."

पुढच्या रविवारी सगळे सखाच्या वाडीवर जाणार होते. निघताना एकटे आण्णाच होते. बाकीच्यांना त्याच दिवशी कामं निघाली. संध्याकाळी आण्णा परत आले, टपरीवर बसले आणि हिंदुरावांना सांगू लागले, "सखा कामावर होता. म्हातारी होती. तिने पाणी दिलं. मी माफी मागितली. नुसती माझ्या हाताकडे बघत होती. मग म्हणाली, 'अक्षर लय चांगला हाय म्हनतात तुमचा.'"

त्यानंतर आण्णांनी माझ्यावर कधीच लिहिलं नाही. दुसऱ्यांनी वाकडंतिकडं काहीबाही लिहिलं, मग मंडळाने पत्र्याचा नवा बोर्ड लावला आणि मी इथे आलो. लोक म्हणतात, फळ्यावरचं एकदा पुसलं की गेलं. मी फळा आहे, मला विचारा.

मित्रांनो, तुमचा संघ हरला तर जरूर रागवा. भांडा, वाद घाला, कोचलाही जबाबदार धरा. पण त्याच्याबद्दल लिहायला खडू उचलाल तेव्हा एवढंच बघा, की लिहिलेलं त्याच्या आईला वाचून दाखवायची तुमची छाती आहे का.